मुकं पाणी

तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला तेव्हा मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदाही नाही. यात माझा मानीपणा वगैरे काही नव्हता... माझ्या खांद्यावर घागर होती आणि घागरीत मुकं पाणी होतं.

तेवीस जूनची दुपार. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रीक बेटावरच्या गावाचा उन्हाळी सण. कोणत्या संताचा, ते मी लिहीत नाही, कारण त्या दोन दिवसांत आमच्याकडे पुरुषाचं नाव घ्यायचं नसतं, आणि संत झाला तरी शेवटी पुरुषच. का घ्यायचं नसतं, ते सांगते. लग्नाच्या मुलींनी खालच्या विहिरीवरून पाणी आणायचं आणि चौकातल्या मोठ्या मडक्यात ओतायचं. वाटेत एक शब्द बोलायचा नाही. बोललात की पाणी फुकट, आणि वर्षभराचं नशीबही फुकट. रात्रभर मडकं आभाळाखाली राहतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्यातला एक घोट तोंडात धरून मुलीनं आपल्या घराच्या खिडकीत उभं राहायचं. कानावर पहिलं जे पुरुषाचं नाव येईल, त्या नावाचा नवरा. एका वर्षी पाद्रीबाबांनी ऐन बाराला संताच्या नावानं प्रार्थना सुरू केली आणि पाच मुलींच्या वाट्याला एकच नाव आलं. गावात त्या नावाचा एकच माणूस होता, तोही सत्तरीचा, आणि बायको जिवंत असलेला. तेव्हापासून गाव सावध आहे.

मी अनेझा. गावच्या बेकरीत पाव विकते. म्हणजे दिवसभर तोंड चालवणं हाच माझा धंदा. त्यामुळे सलग तीन वर्षं माझं पाणी फुकट गेलं होतं. पहिल्या वर्षी बकरी आडवी आली, तिला शिवी दिली. दुसऱ्या वर्षी पायात काटा मोडला. तिसऱ्या वर्षी काहीच झालं नाही, मी नुसतं म्हणाले, "बाई, काय उकडतंय!"

आई गेल्यापासून मला मोस्खुला मावशीनं वाढवलं. मावशी मनानं प्रेमळ, पण तिचं प्रेम एखाद्या फौजदारासारखं. यंदा तिनं मला अंगणात बसवून सांगितलं, "अठ्ठावीस पूर्ण झालीस. यंदाही पाणी फुकट घालवलंस, तर मी सांगेन त्याच्याशी लग्न करायचं. कबूल?" मी कबूल म्हणाले. तिच्या मनात कोण होता ते सगळ्या गावाला माहीत होतं. स्तामातिस. माणूस सरळ, चाळिशीचा, स्वतःच्या मालकीचा ट्रॅक्टर असलेला. त्या ट्रॅक्टरवर त्याचं जेवढं प्रेम होतं त्याच्या पाव हिस्साही मला मिळणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणून यंदा मी ओठ असे घट्ट मिटले होते की दुखायला लागले होते. विहिरीपासून चढण चढून गावाच्या फाट्यापर्यंत आले... आणि मागून बस आली.

आमच्या फाट्यावर दोन रस्ते आहेत. डावा गावाला वळसा घालून खाली वाळूवर जातो. वाळू म्हणजे आमचा समुद्रकिनारा, त्याला गावात दुसरं नाव नाही. उजवा रस्ता थेट गावात शिरतो आणि पुढे इतका चिंचोळा होतो की दोन जाड बायका समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरावं लागतं. फाट्यावर पाटी असते, पण सणासाठी चुना लावायला ती काढली होती.

बस थांबली. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. उन्हानं लाल झालेलं नाक, कपाळावर चिकटलेले कुरळे केस, आणि डोळे... असो. डोळ्यांचं नंतर.

"अगं बाई, देवासारखी भेटलीस गं माझे आई!" डोकं म्हणालं.

मी चकित होऊन बघतच राहिले. माणूस तिशीचा, आवाज भरदार, आणि बोलणं थेट माझ्या पणजीचं.

"वाळूवर जायचंय. जळ्ळं मेलं लक्षण त्या फोनचं, नकाशा उजवीकडे म्हणतोय आणि माझी अक्कल डावीकडे. आत बावीस माणसं वितळतायत. कुठून जाऊ?"

मी गप्प.

"रागावलीस का? अगं, मी काही तुला पळवून न्यायला आलो नाही... म्हणजे जागा आहे म्हणा बसमध्ये, मागची सीट रिकामीच आहे."

मी ओठ आणखी आवळले. हसू आलं तर तोंड उघडेल ही भीती.

"बरं, बोलू नकोस. नुसती खूण कर, औक्षवंत हो. उजवीकडून जाऊ?"

दोन्ही हातांनी घागर धरलेली. पण आमच्याकडे 'नाही' म्हणायला हात लागत नाहीत, जीभही लागत नाही. भुवया वर करायच्या, हनुवटी जराशी वर उचलायची. झालं. पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मी भुवया वर केल्या, हनुवटी वर केली. नाही!

"वर? उजवीकडून वर! बाई बाई बाई, केवढे उपकार झाले!" असं म्हणून त्यानं बस उजवीकडे घातली.

मी ओरडायला हवं होतं. 'थांब' एवढा एकच शब्द. तोंड उघडलंसुद्धा... पण डोळ्यांसमोर स्तामातिसचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर तो, आणि मागच्या ट्रॉलीत मी. मी तोंड मिटलं आणि बसमागे धावत सुटले. पाणी डुचमळत होतं, पाठ भिजत होती, आणि पुढे लोखंड दगडावर घासल्याचा असा आवाज झाला की अख्ख्या गावातली कबुतरं उडाली.

बस अडकली होती. नेमकी आमच्या घराची बाल्कनी आणि समोरच्या झाम्बेता आजीची भिंत यांच्यामध्ये. दोन्ही बाजूंना वीतभरही जागा नाही, दारं उघडायची सोय नाही. बसच्या टपावरची झडप उघडली आणि तेच लाल नाक वर आलं. मग खांदे, मग सगळा तो. तिथून त्यानं आमच्या बाल्कनीत पाय टाकला, तो सरळ मावशीच्या तुळशीच्या कुंडीत. मावशी झाडू घेऊन उभीच होती.

मला थांबायला सवड नव्हती. मी बाजूच्या बोळातून चौकात गेले, मडक्यात पाणी ओतलं, तीन वेळा श्वास घेतला. सुटले! घागर तिथेच टाकून धावत घरी आले आणि चार वर्षांत मुक्या पाण्यानंतर म्हणालेलं माझं पहिलं वाक्य हे होतं:

"गाढवा, तुला भुवया दिसत नाहीत का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मावशीकडे वळून म्हणाला, "बोलते की ही!"

"थांबता थांबत नाही," मावशी म्हणाली. झाडू अजून तिच्या उजव्या हातात होता, आणि डाव्या हातात आंबट चेरीच्या मुरंब्याची बशी. घरात पाहुणा आला की पहिल्यांदा चमचाभर मुरंबा आणि गार पाणी. पाहुणा दारातून आला की टपावरून, याचा नियमाशी काही संबंध नाही.

"अगं, तूच मान वर केलीस! मी म्हटलं, वर जा म्हणतेय."

"वर? भुवया वर म्हणजे नाही! कुठल्या गावचा तू?"

"मेलबर्न."

"ग्रीक तर झाम्बेता आजीसारखं बोलतोस."

"माझ्या आजीनं शिकवलं. ती तिकडे डोंगरात, मुख्य भूमीवर. मी ऑस्ट्रेलियात. दर रविवारी फोन..." तो जरा थांबला. "फोनवर भुवया दिसत नाहीत गं."

गार पाण्याचा पेला मी स्वतः त्याच्या हातात दिला. ते मावशीनं पाहिलं. ताबडतोब तिनं झाडू उगारला. "हे बघ पोरा, मुरंबा खा, पाणी पी, पण नाव सांगायचं नाही. घरात लग्नाची मुलगी आहे आणि उद्या सण आहे. कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. तू ड्रायव्हर. समजलं?"

तासाभरात गावभर मावशीचा हुकूम फिरला. ड्रायव्हरला कुणी नाव विचारायचं नाही.

बावीस प्रवाशांना चर्चची शिडी लावून मागच्या खिडकीतून उतरवलं. सगळी हॉलंडची म्हातारी जोडपी. त्यांना वाटलं, हेही तिकिटातच आहे. शिडीवरून उतरताना ते टाळ्या वाजवत होते, एकमेकांचे फोटो काढत होते, आणि एका आजोबांना तर पुन्हा वर चढून पुन्हा उतरायचं होतं. कंपनीची दुसरी गाडी त्यांना संध्याकाळी वाळूवरून उचलणार होती. बस ओढून काढायला ट्रॅक्टरच हवा, आणि तो दुरुस्तीला बंदरावर गेला होता, दुसऱ्या दिवशी येणार. तोवर बस तिथेच.

"यांना वाळूची पायवाट कोण दाखवणार?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. फारच पटकन म्हणाले.

पायवाट उताराची, दोन्ही बाजूंना रानओवा. तो एका आजींची पिशवी, दुसऱ्या आजींची छत्री आणि तिसऱ्या आजींचा हात धरून चालला होता, आणि तिघींशी अस्सल खेडवळ ग्रीकमध्ये बोलत होता, ज्यातलं अक्षरही त्यांना कळत नव्हतं. तरी तिघी लाजत होत्या. खाली पोचल्यावर सगळे पाण्याकडे पळाले. आम्ही दोघं वाळूत बसलो. चपला काढल्या. वाळू वरून तापलेली होती, आत बोटं खुपसली की गार.

"आजी कशी आहे?" मी विचारलं.

"फेब्रुवारीत गेली." तो समुद्राकडे बघत होता. "मी तिकीट काढलं होतं उन्हाळ्याचं. म्हटलं, एकदा समोर बसून बोलू. तिनं चार महिने थांबायला हवं होतं... मग तिकीट होतंच, तर आलो. बस चालवायचं काम मिळालं. दिवसभर तिच्यासारखं बोलतो. लोक हसतात. हसू देत. गप्प बसलो तर तिचा आवाज विसरेन अशी भीती वाटते."

मी, गप्प बसता येत नाही म्हणून तीन वर्षं बिनलग्नाची राहिलेली, त्याच्या शेजारी कितीतरी वेळ गप्प बसले. आणि ते जडही वाटलं नाही.

मग त्यानंच नाक पुसलं. "बरं, ते भुवयांचं शिकव. नाहीतर उद्या दुसऱ्याच्या घरात बस घालेन."

"सोपं आहे. तू प्रश्न विचार, मी 'नाही' म्हणते. नीट बघ."

"तू रोज इतकी छान दिसतेस?"

"नाही उत्तर येईल असा प्रश्न विचार!"

"बरं. तुला मेलबर्न माहीत आहे?"

भुवया वर. हनुवटी वर.

"अगं बाई, किती बारीक! पुन्हा. तुझं लग्न झालंय?"

भुवया वर.

"ठरलंय?"

भुवया वर जाता जाता अडखळल्या. स्तामातिसचं सांगावं लागलं, मावशीशी केलेल्या कराराचं, उद्याच्या घोटाचं. तो लक्ष देऊन ऐकत होता. डोळ्यांचं नंतर सांगते म्हणाले होते ना... डोळे तपकिरी होते, आणि ऐकताना ते जराही इकडेतिकडे जात नव्हते. बेकरीत माझं बोलणं लोक पाव मोजता मोजता ऐकतात. असं कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे उद्या पहिलं नाव ऐकू येईल, तो नवरा?"

"हो."

"मला तर नाव सांगायचीही बंदी."

"गावात आहे. वाळूवर नाही."

तो माझ्याकडे झुकला, आणि कानात सांगावं इतक्या हळू म्हणाला, "झिसिस."

"हे नाव म्हणायचं की काय! आमच्या अख्ख्या बेटावर या नावाचा कुत्रासुद्धा नाही."

"आमच्या डोंगरात दर तिसरा माणूस झिसिस आहे. हाक मारताना शेवटचा स खायचा. झीसी! आजी अशी ओरडायची की फोन कानापासून लांब धरावा लागायचा."

मी हसले. आणि हसता हसताच थांबले. बेटावर या नावाचा कुणी नाही, गावात हे नाव कुणाला माहीत नाही. म्हणजे उद्या बाराला हे नाव कुणीही, कुणीही घेणार नव्हतं. आणि मला तेच ऐकायचं होतं. एका दुपारीत कुणी एवढं गुंततं का? मला विचाराल तर गुंततं. मी स्वतः पाहिलंय.

"शेवटचा प्रश्न," तो म्हणाला. आता चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "कंपनीचा फोन आला होता. बस निघाली की बंदरावर सोडायची आणि तीनच्या बोटीनं चालतं व्हायचं, नोकरी संपली. तर मी उद्या... जाऊ?"

भुवया वर करायच्या होत्या. एवढीच तर गोष्ट. पण तेवढ्यात दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजला, बावीस जण ओले होऊन आमच्याभोवती गोळा झाले, आणि हॉलंडच्या आजीनं त्याच्या हातात पुन्हा पिशवी दिली.

संध्याकाळी चौकात जाळ पेटवला. मे महिन्यात दारावर टांगलेले फुलांचे हार त्यात टाकले आणि सगळ्यांनी जाळावरून तीन-तीन उड्या मारल्या. त्यानंही मारल्या. प्रत्येक उडीला "मेले गं आई!" असं ओरडला, तेही बाईच्या तोंडी शोभेल असं, आणि म्हाताऱ्या हसून हसून बाकावरून घसरल्या. मावशी माझ्या आणि त्याच्यामध्ये एखाद्या कपाटासारखी उभी होती. मला एक शब्द बोलता आला नाही.

सकाळपासून गावात नावबंदी. असल्या दिवशी आमच्याकडे माणसं 'ए चपलावाल्या', 'अहो दाढी', 'बारक्याचे बाबा' अशी एकमेकांना हाका मारतात. बारा वाजायला दहा मिनिटं असताना मी घोट घेऊन खिडकीत आले आणि खाली बघितलं, तेव्हा मावशीचा डाव माझ्या लक्षात आला.

ट्रॅक्टर आला होता. बसच्या मागे दोर बांधून तयार. सगळं गाव गल्लीत जमलेलं. ट्रॅक्टरवर स्तामातिस, नव्या धुतलेल्या शर्टात. आणि बरोब्बर माझ्या खिडकीखाली, कमरेवर हात ठेवून, मोस्खुला मावशी. बस ओढायच्या वेळी कुणीतरी ट्रॅक्टरवाल्याला इशारा द्यायलाच हवा. आणि तो काय म्हणून द्यायचा? तर 'ओढ, स्तामाती!' तिनं वर बघितलं आणि माझ्याकडे पाहून गोड हसली.

मी काय करणार? माझे गाल फुगलेले. पाणी कोमट होत चाललेलं. थुंकलं तर करार मोडला, म्हणजे स्तामातिस. धरून ठेवलं तर एका मिनिटात नाव येणार, म्हणजे स्तामातिस. मासा गळाला लागल्यावर त्याला डावं-उजवं काय उरतं?

झिसिस गर्दीतून खिडकीखाली आला. हातात गाडीची किल्ली.

"अनेझा," तो वर बघत म्हणाला, "तुला आत्ता बोलता येत नाही, माहीत आहे मला. मी स्वतःच माझं नाव ओरडू शकलो असतो. रात्रभर तोच विचार केला. पण ते बरं नाही गं. तुला नको असलं तर? आजी म्हणायची, पोरीच्या ताटात आपल्या हातानं वाढू नये, तिनं मागितलं तर द्यावं." त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "तर... मी जातो ना?"

मी भुवया वर केल्या. पार केसांना लागतील इतक्या वर केल्या. हनुवटी अशी उचलली की मान लचकली.

त्यानं पाहिलंच नाही. तो वळला होता. पुरुष प्रश्न विचारतात आणि उत्तर यायच्या आत पाठ फिरवतात. मागच्या खिडकीतून तो बसमध्ये चढला, सीटांमधून वाकून पुढे गेला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून भुवया उडवत होते. गल्लीतल्या लोकांना वाटलं, मला काही चावलं.

चर्चची घंटा वाजली. बारा.

ट्रॅक्टर घरघरला. दोर ताणला गेला. बस कण्हली, घासली, हातभर मागे सरकली, मग आणखी हातभर. मावशीनं दोन्ही हात वर केले, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं, "ओढ, स्ता..."

तो घोट मी कसा सोडला, मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की तो सरळ मावशीच्या उघड्या तोंडावर पडला, 'स्ता'च्या पुढचं तिच्या घशात गेलं, आणि त्याच दमात मी ओरडले,

"झीसीऽऽऽ!"

मेलबर्नपर्यंत गेली असेल ती हाक.

बसमध्ये त्यानं कचकन ब्रेक दाबला. दोर तुटला. बस अर्धवट निघालेली होती ती तिरकी झाली आणि झाम्बेता आजीच्या भिंतीत आणि आमच्या जोत्यात अशी रुतली की कालचं अडकणं हे निव्वळ अंग चोरून उभं राहणं वाटावं. मावशीच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

"फुकट गेलं!" ती ओरडली. "पाणी थुंकली! करार करार आहे!"

"पण नाव ऐकू आलं," चपलावाला म्हणाला.

"तिनंच घेतलं ते! आणि पाणी आधी सांडलं, नाव नंतर आलं!"

"नाव आधी आलं. मी इथेच उभा होतो."

"तोंडात पाणी असताना नाव येईल कसं, दाढी?"

गल्लीत दोन तट पडले. कुणी पाण्याच्या बाजूनं, कुणी नावाच्या. पाद्रीबाबा म्हणाले, शास्त्रात याबद्दल काही नाही. शेवटी सगळे झाम्बेता आजीकडे वळले. आजी एक्याण्णव वर्षांची, गावात सर्वांत जुनी. आपल्या दारात खुर्चीवर बसली होती, बसच्या आरशाखाली. दहा वर्षांपासून तिला चर्चची घंटाही ऐकू येत नव्हती.

मावशीनं तिच्या कानाशी जाऊन सगळी तक्रार ओरडून सांगितली. आजीनं हात वर करून तिला थांबवलं.

"ओरडू नकोस. मला ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?"

"नाव. दहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी स्पष्ट ऐकू आलं." आजीनं काठी टेकवली. "पुरुषाचं होतं?"

"होतं, पण..."

"पहिलं होतं?"

"होतं! पण आजी, पोरीनं स्वतःच घेतलं ना ते!"

"मग काय शेजारणीनं घ्यायचं?" आजी म्हणाली. "नवरा तिला हवाय."

मावशी बघत राहिली. ओल्या चेहऱ्यावर राग होता, तो हळूहळू कुठेतरी गेला आणि खाली काय होतं ते दिसलं. तिला फक्त मी एकटी राहू नये एवढंच हवं होतं. तिनं रुमालानं तोंड पुसलं आणि ट्रॅक्टरकडे बघून म्हणाली, "मी याला काय सांगू आता?"

"मला?" स्तामातिस दोराचं तुटलेलं टोक हातात घेऊन उभा होता. "मला तुम्ही बस ओढायला बोलावलं होतं. शर्ट धुवायला का लावलात तेच मला कळलं नव्हतं."

तेवढ्यात बसच्या टपावरची झडप उघडली. लाल नाक वर आलं, मग कुरळे केस, मग खांदे. बस तिरकी झाल्यामुळे तो आता थेट माझ्या खिडकीसमोर होता, हातभर अंतरावर.

"कुणी हाक मारली?" त्यानं विचारलं. "अशी... अशी फक्त आजीच..."

"मी मारली."

"का?"

"मागितलं मी," मी म्हणाले. "तूच म्हणालास ना, तिनं मागितलं तर द्यावं."

त्याचे डोळे भरले. मग त्यानं ओठ आवळले, जणू आता त्याच्याच खांद्यावर मुक्या पाण्याची घागर होती. खाली अख्खं गाव मान वर करून उभं होतं. हॉलंडचे लोक असते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

"पण माझी तीनची बोट..." शेवटी तो म्हणाला.

"दोर तुटला," खालून स्तामातिस म्हणाला. "दुसरा बंदरावरून आणावा लागेल. आज काही बस निघत नाही."

"बाई बाई बाई," झिसिस म्हणाला. मग माझ्याकडे वळला, आणि अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत विचारलं, "मग... उद्या निघू?"

माझ्या तोंडात आता पाणी नव्हतं. गावानं निकाल दिला होता, नावबंदी उठली होती, हवं तेवढं बोलायची मला मुभा होती, आणि मी काय बोलले असते ते सांगायला रात्र पुरली नसती. पण मी तोंड मिटलं. भुवया वर केल्या. हनुवटी जराशी वर उचलली.

त्यानं या वेळी पाठ फिरवली नाही. नीट पाहिलं, आणि किल्ली खिशात ठेवून बाल्कनीत पाय टाकला... कुंडी चुकवून.